अजित वाडेकर : फलंदाज, कर्णधार आणि संघाचा व्यवस्थापक

ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमचा विषय निघाला की सगळ्यांना २४ फेब्रुवारी २०१० हा दिवस आठवतो. त्या दिवशी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातले ते पहिले द्विशतक. ते आपल्या गावात झाले याचा आपल्या मंडळींना रास्त अभिमान आहे, आणि प्रत्यक्ष सामना पाहिल्याचे सांगणाऱ्यांची संख्या स्टेडियमच्या आसनसंख्येपेक्षा नक्कीच जास्त भरेल!

त्याआधीचे ४ आणि ५ मार्च १९९३ हे दोन दिवस मात्र थोडे मागे पडले आहेत. लागोपाठ दोन दिवस, त्याच मैदानावर, भारत आणि इंग्लंड यांच्यात एकदिवसीय सामने झाले. पहिल्या दिवशी इंग्लंडच्या रॉबिन स्मिथने १२९ धावा केल्या, त्याला नवज्योत सिद्धूने नाबाद १३४ धावांनी उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी ग्रॅहम हिकने नाबाद १०५ केल्या आणि अझरुद्दीनने नाबाद ९५ करून सामना काढून दिला. दोन्ही सामने भारताने जिंकले आणि मालिका ३-३ अशी बरोबरीत सुटली. त्या दोन्ही दिवशी भारतीय ड्रेसिंग रूममध्ये संघाचे व्यवस्थापक म्हणून जे गृहस्थ बसले होते, त्यांच्याविषयी हा परिचय आहे. ते म्हणजे अजित लक्ष्मण वाडेकर.

१९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड यांना त्यांच्याच देशात हरवणारे कर्णधार म्हणून वाडेकर सर्वांना माहीत आहेत. आम्हाला त्यांच्या दुसऱ्या डावाबद्दलही तितकेच सांगायचे आहे. १९९२ ते १९९६ या काळात ते भारतीय संघाचे क्रिकेट व्यवस्थापक होते आणि पुढे निवड समितीचे अध्यक्ष झाले. खेळाडू म्हणून लोकांनी त्यांना एकदा डोक्यावर घेतले आणि तीन वर्षांत खाली उतरवले. त्या अनुभवानंतर अठरा वर्षांनी ते पुन्हा त्याच ड्रेसिंग रूममध्ये परत आले. या परत येण्याची गोष्ट आपल्या घरांतल्या खेळणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना ठाऊक असावी, असे आम्हाला वाटते.

बसमधली भेट

वाडेकरांचा जन्म १ एप्रिल १९४१ रोजी मुंबईत झाला. मुलाने गणित घ्यावे, इंजिनीअर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्या काळच्या कुठल्याही मराठी मध्यमवर्गीय घरातली हीच इच्छा, मग ते घर दादरचे असो की आपल्या लष्करातले. मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शाखेला गेला. कॉलेजला जाण्याच्या बसमध्ये त्याला बाळू गुप्ते भेटत. बाळू म्हणजे प्रसिद्ध लेगस्पिनर सुभाष गुप्ते यांचे धाकटे बंधू, जे पुढे स्वतःही भारताकडून खेळले. एक दिवस त्यांनी विचारले, कॉलेजच्या संघाला बारावा खेळाडू हवा आहे, येतोस का? दिवसाला तीन रुपये भत्ता मिळणार होता. कॉलेजच्या मुलाला तेव्हा तीन रुपये ही काही लहान रक्कम नव्हती. वाडेकर स्वतः हा किस्सा आवडीने सांगत.

बाराव्या खेळाडूचे काम पाणी नेण्याचे आणि गरज पडल्यास क्षेत्ररक्षणाला उतरण्याचे. तिथून सुरुवात झालेला हा डावखुरा फलंदाज १९५८-५९ च्या हंगामात मुंबईच्या रणजी संघात आला. मुंबईच्या सलग पंधरा रणजी विजेतेपदांची मालिका त्याच हंगामापासून सुरू झाली. संघ इतका भक्कम होता की आत शिरणे कठीण आणि टिकून राहणे त्याहून कठीण. कसोटी संघात येण्यासाठी वाडेकरांना डिसेंबर १९६६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ वर्षे वाट पाहावी लागली. वेस्ट इंडीजविरुद्ध मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी कसोटी पदार्पण केले, तेव्हा वय पंचवीस. त्याच हंगामात त्यांनी म्हैसूरविरुद्ध रणजी सामन्यात ३२३ धावांची खेळी केली.

कसोटी फलंदाज म्हणून त्यांचे आकडे फार मोठे नाहीत. ३७ सामने, २११३ धावा, सरासरी ३१, शतक एकच. ते १९६८ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला केलेल्या १४३ धावांचे. त्याआधी मेलबर्नला ते ९९ वर बाद झाले होते. स्लिपमधले त्यांचे हात मात्र पक्के होते, कसोटीत त्यांनी ४६ झेल घेतले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये मात्र १५,३८० धावा आणि ३६ शतके आहेत. मुंबईकर जुने प्रेक्षक वाडेकरांच्या फलंदाजीबद्दल बोलत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कसोटीतले नव्हे, रणजीतले वाडेकर असत.

नवाबानंतर बँकेतला अधिकारी

वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करत. त्या काळी क्रिकेट खेळून घर चालत नसे. सामना संपला की खेळाडू दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर व्हायचा. अशा माणसाकडे भारताचे कर्णधारपद येईल असे १९७० मध्ये फारसे कोणाला वाटत नव्हते. कर्णधार होते पतौडीचे नवाब मन्सूर अली खान, जन्माने आपल्या भोपाळचे. त्यांचे नेतृत्व वादातीत समजले जात होते.

वेस्ट इंडीज दौऱ्याच्या आधी निवड समितीत मते समान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकरांना दिले. देशात संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या जाण्याचेही तेच वर्ष, १९७१. ग्वाल्हेरकरांना हा योगायोग वेगळा समजावून सांगायला नको. पुढे १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा पतौडी वाडेकरांच्या नेतृत्वाखाली खेळले, हेही नोंदवायला हवे. दोघांच्याही मोठेपणाची ती खूण आहे.

वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी वाडेकरांनी दिलीप सरदेसाई यांचा आग्रह धरला. मूळचे गोव्याचे सरदेसाई तेव्हा संपले असे बहुतेकांचे मत झाले होते. किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत त्यांनी २१२ धावा केल्या आणि संपूर्ण मालिकेत ६४२. दुसऱ्या बाजूला सुनील गावसकर नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा होता, त्याने चार कसोटींत ७७४ धावा काढल्या.

किंग्स्टनच्या सामन्यातला एक प्रसंग वाडेकरांचा स्वभाव सांगतो. पहिला दिवस पावसात वाया गेल्याने सामना चार दिवसांचा धरला गेला. नियमाप्रमाणे अशा सामन्यात फॉलो-ऑन देण्यासाठी २०० ऐवजी १५० धावांची आघाडी पुरते. भारताच्या ३८७ धावांना उत्तर देताना वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर संपला. आघाडी होती १७०. वाडेकरांना नियम पाठ होता. ते थेट वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि सोबर्सना सांगितले की तुम्हाला पुन्हा फलंदाजी करायची आहे. भारताने वेस्ट इंडीजला फॉलो-ऑन द्यावा हे तोवर कधी घडले नव्हते. सामना अनिर्णित राहिला, पण मालिकेचा रंग त्या क्षणी बदलला. दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला भारताने सात गडी राखून जिंकली. त्यात सलीम दुराणींनी सोबर्सचा त्रिफळा उडवला आणि त्यांच्याच गोलंदाजीवर क्लाइव्ह लॉइडचा झेल वाडेकरांनी घेतला. (लॉइड यांचे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.)

त्याच वर्षी उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. इंग्लंड तेव्हा ऑस्ट्रेलियाला त्यांच्या घरी हरवून आले होते. पहिल्या दोन कसोटी अनिर्णित राहिल्या. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ धावांत गारद झाले आणि भारतासमोर १७३ धावांचे लक्ष्य आले. शेवटचा दिवस २४ ऑगस्ट, नेमकी गणेश चतुर्थी. लंडनमधल्या भारतीय प्रेक्षकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणवली. सकाळी पहिल्याच षटकांत वाडेकर धावबाद झाले. ड्रेसिंग रूममध्ये येऊन त्यांनी चक्क झोप काढली. भारत जिंकल्यावर इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी त्यांना उठवून बातमी सांगितली, आणि आपण जिंकणार हे मला ठाऊकच होते, असे त्यांचे उत्तर होते म्हणतात. ही खरी झोप होती की ताणाला पाठ फिरवणे, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो.

त्या दौऱ्यावर संघाचे व्यवस्थापक होते लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी, स्वतः माजी कसोटीपटू आणि सैन्यातले अधिकारी. त्यांनी क्षेत्ररक्षणाचा सराव कसून घेतला. सोलकर, वेंकटराघवन, अबिद अली आणि स्वतः वाडेकर यांनी फिरकी गोलंदाजांच्या भोवती जे कडे उभे केले, त्यात या सरावाचा मोठा वाटा होता. खेळ जाणणारा माणूस व्यवस्थापक असला की काय फरक पडतो हे वाडेकरांनी कर्णधार म्हणून तिथे पाहिले. वीस वर्षांनी ते त्यांच्याच कामी आले.

इंदूरची बॅट

१९७१ च्या विजयांच्या आठवणीसाठी आपल्या शेजारी इंदूरमध्ये सिमेंट-काँक्रीटची प्रचंड बॅट उभारण्यात आली. तिच्यावर विजयी संघाची नावे होती. लोक तिला 'विजय बल्ला' म्हणू लागले. होळकर संघाच्या, सी. के. नायडूंच्या गावाला हे शोभणारेच होते. १९७२-७३ मध्ये वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला भारतातही २-१ असे हरवले. सलग तीन मालिका जिंकून झाल्या होत्या. १९७२ मध्ये वाडेकरांना पद्मश्री मिळाली.

मग आला १९७४ चा इंग्लंड दौरा. पावसाळी हवा, हिरव्या खेळपट्ट्या, संघात धुसफूस. तीनही कसोटी भारत हरला. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सगळा संघ ४२ धावांत बाद झाला. त्याच दौऱ्यावर भारताने आपला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना लीड्सला खेळला आणि त्यात वाडेकरांनी ६७ धावा केल्या, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. मुंबईत त्यांच्या घरावर दगड आले. इंदूरच्या बॅटला लोकांनी काळे फासले.

ज्यांनी बॅट उभारली आणि ज्यांनी ती विद्रूप केली, ते एकाच शहरातले लोक होते. कदाचित काही माणसेही तीच असतील. आम्ही माळव्यातले नसलो तरी मध्य प्रदेशातले आहोत, आणि ही गोष्ट सांगताना आम्हाला संकोच वाटतो. पण ती गाळून वाडेकरांचे चरित्र सांगता येत नाही. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि तेहतिसाव्या वर्षी ते निवृत्त झाले. १६ कसोटींत कर्णधारपद, त्यात ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. पराभवांपैकी तीन त्या एकाच उन्हाळ्यातले.

त्यानंतर बँकेची नोकरी. इथे आम्हाला त्या पिढीच्या एका शहाणपणाची नोंद करावीशी वाटते. खेळ चालू असतानाही त्यांनी नोकरी सोडली नव्हती. म्हणून १९७४ नंतर त्यांना रोजच्या भाकरीची चिंता पडली नाही, आणि म्हणूनच क्रिकेटकडे ते कडवट न होता परत येऊ शकले. आज आपल्या मंडळातले पालक विचारतात, मुलगा विभागीय संघात आहे, शिक्षण थांबवू का? वाडेकरांच्या पिढीला हा प्रश्नच पडला नसता. त्या काळी बँका आणि रेल्वे खेळाडूंना नोकऱ्या देत असत, हे खरे. आता तशा जागा कमी आणि स्पर्धा जास्त, हेही खरे.

व्यवस्थापकाची खुर्ची

कॅनडा-अमेरिकेत राहणारी आपल्याकडची मुले सांगतात की तिथल्या फुटबॉलमध्ये जुना खेळाडू संघाचा 'जनरल मॅनेजर' होतो, खेळाडू निवडतो, करार करतो आणि संघ बांधतो. आपल्याकडे 'मॅनेजर' या शब्दाचा अर्थ अगदी निराळा होता. परदेश दौऱ्यावर भत्ते वाटणे, सामान मोजणे, मेजवान्यांना भाषण करणे, एवढेच त्याचे काम समजले जाई. हेमू अधिकारींसारखे अपवाद सोडले तर खेळाशी त्याचा संबंध थोडाच. १९९० मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने बिशनसिंग बेदींना 'क्रिकेट मॅनेजर' केले, त्यांच्यानंतर अब्बास अली बेग आले. दोघेही थोड्या काळात गेले.

१९९२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यापासून ही जबाबदारी वाडेकरांकडे आली. त्या वेळी नियामक मंडळाचे अध्यक्ष होते श्रीमंत माधवराव शिंदे. बाहेरचे जग त्यांना सिंधिया म्हणून ओळखते. १९९० ते १९९३ ते अध्यक्ष होते, आणि ग्वाल्हेरला आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या नकाशावर आणण्याचे श्रेय त्यांचेच. हॉकीपटू रूपसिंह यांच्या नावाच्या मैदानावर १९८८ साली पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला तो त्यांच्याच पुढाकाराच्या काळात.

दक्षिण आफ्रिकेत भारत ०-१ ने हरला. कर्णधार अझरुद्दीनचे आसन डळमळीत झाले होते. इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत त्याला फक्त पहिल्या कसोटीपुरते कर्णधार नेमण्यात आले. कोलकात्याच्या त्या कसोटीत त्याने १८२ धावा केल्या. कुंबळे, राजू आणि मध्य प्रदेशकडून खेळणारा राजेश चौहान असे तीन फिरकी गोलंदाज एकदम खेळवण्यात आले. इंग्लंडने त्यांच्यासमोर हात टेकले. मालिका ३-० अशी भारताने जिंकली, आणि लगेच पुढे आपल्या गावातले ते दोन एकदिवसीय सामने.

वाडेकर-अझर ही जोडी कशी जमली याची चर्चा त्या काळी खूप होई. दोघेही स्टेट बँकेचे कर्मचारी, एवढा एक समान धागा होता. बाकी स्वभाव, वय आणि पार्श्वभूमी सर्वस्वी वेगळी. आमच्या मते जमण्याचे कारण साधे होते. कर्णधाराला जाहीरपणे दोष द्यायचा नाही हे वाडेकर १९७४ मध्ये शिकले होते, आणि शिकण्याची किंमत स्वतः मोजून शिकले होते.

खेळणारी पिढीही त्यांच्या ओळखीची होती. तेंडुलकर, संजय मांजरेकर, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सगळे मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. कांबळीने फेब्रुवारी-मार्च १९९३ मध्ये इंग्लंडविरुद्ध २२४ आणि झिम्बाब्वेविरुद्ध २२७ अशा लागोपाठ खेळी केल्या. मुंबईकर व्यवस्थापक मुंबईच्या मुलांना झुकते माप देतो असे कोणी म्हणाले, तर त्या धावांकडे बोट दाखवता येत असे.

१९९३ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेत भारताने कसोटी मालिका १-० ने जिंकली. परदेशात सात वर्षांनी कसोटी विजय मिळाला होता. नोव्हेंबरमध्ये हिरो चषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या, तेंडुलकरने ते षटक टाकले आणि ३ धावा दिल्या. अंतिम सामन्यात कुंबळेने वेस्ट इंडीजचे १२ धावांत ६ बळी घेतले. १९९४ च्या सुरुवातीला श्रीलंकेला घरी ३-० असे हरवले.

पण व्यवस्थापक म्हणून वाडेकरांची सर्वांत मोठी कामगिरी आमच्या मते २७ मार्च १९९४ ची, ऑकलंडची. त्या सकाळी सलामीवीर सिद्धूची मान आखडली. तेंडुलकर तोपर्यंत एकदिवसीय सामन्यांत मधल्या फळीत खेळत असे. त्याने अझर आणि वाडेकर यांना विनंती केली की मला सलामीला पाठवा, एक संधी द्या, अपयशी ठरलो तर पुन्हा कधी मागणार नाही. वाडेकर नाही म्हणू शकले असते. संघातला सर्वोत्तम फलंदाज नव्या चेंडूपुढे कशाला उभा करायचा, हा त्या काळचा सर्वमान्य विचार होता. त्यांनी आणि अझरने होकार दिला. तेंडुलकरने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. त्यानंतर तो सलामीलाच राहिला, सप्टेंबर १९९४ मध्ये त्याचे पहिले एकदिवसीय शतक आले. सोळा वर्षांनी आपल्या रूपसिंह स्टेडियमवर सलामीला येऊन त्याने जे २०० केले, त्याची वाट ऑकलंडच्या त्या होकारातून निघाली होती.

त्यांच्या कारकिर्दीवर टीकाही झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. फिरकीला साथ देणाऱ्या घरच्या खेळपट्ट्यांवर संघ अजिंक्य वाटे, परदेशात मात्र श्रीलंकेचा अपवाद वगळता कसोटी जिंकता आली नाही. मोहालीला डिसेंबर १९९४ मध्ये वेस्ट इंडीजने घरच्या विजयांची मालिकाही थांबवली.

मग १९९६ चा विश्वचषक आला. २१ फेब्रुवारीला ग्वाल्हेरला भारत-वेस्ट इंडीज सामना झाला. वेस्ट इंडीजचा डाव १७३ धावांत संपला, तेंडुलकरने ७० केल्या आणि भारत पाच गडी राखून जिंकला. त्या रात्री बाड्यावर जो जल्लोष झाला, तो आमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

तीन आठवड्यांनी, १३ मार्चला, कोलकात्यात उपांत्य सामना होता. नाणेफेक जिंकून भारताने क्षेत्ररक्षण घेतले. श्रीलंकेने २५१ केल्या. भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० असा कोसळला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली, आणि सामनाधिकाऱ्यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. हे सामनाधिकारी होते क्लाइव्ह लॉइड. पंचवीस वर्षांपूर्वी पोर्ट ऑफ स्पेनला ज्यांचा झेल वाडेकरांनी घेतला होता, तेच. आधी क्षेत्ररक्षण घेण्याच्या निर्णयावरून पुढे कित्येक वर्षे वाद झाला. वाडेकरांसाठी मात्र हे दृश्य ओळखीचे असणार. १९७४ ला दगड घरावर आले होते, या वेळी बाटल्या मैदानात आल्या.

जाता जाता एक गंमत. ओव्हलला १९७१ मध्ये इंग्लंडचे कर्णधार होते रे इलिंगवर्थ. १९९६ च्या विश्वचषकात इंग्लंड संघाचे व्यवस्थापकही तेच. म्हणजे त्या ऐतिहासिक सामन्यातले दोन्ही कर्णधार पंचवीस वर्षांनी आपापल्या संघांचे व्यवस्थापक म्हणून एकाच स्पर्धेत होते.

निवड समिती आणि नंतर

विश्वचषकानंतर व्यवस्थापकपद संदीप पाटील यांच्याकडे गेले. वाडेकर १९९८-९९ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष झाले. ज्या खुर्चीत बसून विजय मर्चंट यांनी त्यांना कर्णधार केले होते, तीच ही खुर्ची. भारताचा कर्णधार, संघाचा व्यवस्थापक आणि निवड समितीचा अध्यक्ष या तिन्ही जागा भूषवणाऱ्यांत लाला अमरनाथ, चंदू बोर्डे आणि वाडेकर यांचीच नावे साधारणपणे घेतली जातात. तिघांपैकी दोघे मराठी.

२००१ मध्ये त्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. समोर शरद पवार होते. वाडेकर हरले. संघटना चालवायला खेळ कळावा लागतो की मते जमवता यावी लागतात, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. आम्हा ग्वाल्हेरकरांना त्यावर एका बाजूने बोलणे अवघड आहे, कारण आपल्याकडे क्रिकेट आणले ते एका राजकारण्यानेच. माधवराव शिंदे यांचे विमान अपघातात निधन झाले तेही २००१ मध्येच, ३० सप्टेंबरला. शहराच्या नव्या क्रिकेट स्टेडियमला आता त्यांचे नाव आहे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे भारत-बांगलादेश हा पहिला आंतरराष्ट्रीय टी-२० सामना झाला.

वाडेकरांनी दिव्यांग खेळाडूंच्या क्रिकेटसाठी बरीच वर्षे काम केले. त्याची प्रसिद्धी त्यांनी कधी केली नाही. नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांना मिळाला, आणि तो आहे होळकर संघाचे कर्णधार सी. के. नायडू यांच्या नावाचा. १५ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ७७ होते.

खेळाडूने संघ सांभाळण्याच्या कामात उतरायचे, ही वाट नंतर अनेक मराठी खेळाडूंनी धरली. संदीप पाटील आधी व्यवस्थापक आणि पुढे निवड समितीचे अध्यक्ष झाले, २०२३ पासून ते पद अजित आगरकर यांच्याकडे आले. आपल्या राज्यापुरते बोलायचे तर चंद्रकांत पंडित यांचे नाव आधी घ्यावे लागेल. मुंबईचा हा यष्टिरक्षक १९९९ च्या रणजी अंतिम सामन्यात मध्य प्रदेशचा कर्णधार होता आणि तो सामना आपण हरलो. २६ जून २०२२ रोजी बंगळुरूमध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. अंतिम सामन्यात समोर होता मुंबईचा संघ.